आकाशाचे एकत्रीकरण आणि चावडीवरची नोटीस

(भोसरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)

आजच्या वर्गाचा विषय ‘हवाई वाहतूक-नियंत्रणाचे एकत्रीकरण आणि कायदा’ असा जाहीर झाला, तेव्हा काही मित्रांनी विचारले की, दिवसभर लेथवर नाहीतर असेंब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा आणि आकाशातल्या विमानांचा संबंध काय? ज्याने आयुष्यात एकदाही विमानाचे तिकीट काढले नाही, त्याने या भानगडीत का पडावे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर दिघीच्या पलीकडे, लोहगावला आहे. तेथे चढणारी-उतरणारी विमाने आपल्या वस्त्यांवरून जातात. विमानात न बसणारा माणूसही विमानाखाली राहतोच. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे उत्तर, आणि ते ‘एकत्रीकरण’ या शब्दातच आहे. हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या वडिलांनी व आजोबांनी तो शेताच्या बांधावर ऐकला होता, आणि आज तो आपण कारखान्याच्या फाटकावर ऐकत आहोत. म्हणून आरंभ आकाशापासून न करता जमिनीपासून करतो.

बांधावरचे एकत्रीकरण

मुंबई राज्याने १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि धारण जमिनींचे एकत्रीकरण करणारा कायदा केला. हेतू उघड होता. वाटण्या होऊन शेतीचे तुकडे झाले होते. एका कुटुंबाची अर्धा एकर ओढ्याकाठी, पाव एकर माळावर, अशी स्थिती होती. तुकडे जुळवून सलग गट करावेत, म्हणजे विहीर, बैल आणि माणसाची मेहनत सत्कारणी लागेल, असा विचार त्यामागे होता. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘गट नंबर’ आला तो याच योजनांतून. चाकण-महाळुंगे भागातील मोठमोठ्या कारखान्यांच्या पत्त्यांतही आज गट नंबर लिहिलेला असतो. म्हणजे कारखाना नवा असला, तरी त्याखालची मोजणी त्या जुन्या एकत्रीकरणाचीच आहे.

या योजनांची अंमलबजावणी सर्वत्र न्यायाने झाली असे मी म्हणणार नाही. काळी जमीन देऊन मुरमाड पदरात पडलेले शेतकरी आपण पाहिले आहेत, आणि त्यांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण त्या कायद्यात एक गोष्ट होती. एकत्रीकरण अधिकाऱ्याला मनात येईल तशी योजना लादता येत नव्हती. त्याने जमीनमालकांना नोटीस द्यायची, गावाच्या समितीशी विचारविनिमय करायचा, योजनेचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या, आणि कमी मोलाची जमीन ज्याच्या वाट्याला आली त्याला भरपाई द्यायची. म्हणजे चार वाफे एकत्र करायचे झाले, तरी आधी चावडीवर नोटीस लागली पाहिजे, हे तत्त्व या राज्याने पाऊणशे वर्षांपूर्वी मान्य केले होते.

हे तत्त्व आकाशाला लागू आहे की नाही, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

आकाशाचा कारभार कसा चालतो

विमान धावपट्टीवर असते आणि तिच्या आसपास असते, तोवर ते मनोऱ्यातील नियंत्रकाच्या ताब्यात असते. ते वर चढू लागले की काही अंतरापर्यंत दुसरा नियंत्रक त्याला सांभाळतो. पुढे ते उंच मार्गाला लागले की तिसऱ्या, क्षेत्रीय केंद्रातील नियंत्रकाकडे जाते. त्यातही आकाशाचे विभाग पाडलेले असतात आणि विमान एका विभागातून दुसऱ्यात शिरताना एक नियंत्रक ते दुसऱ्याच्या हाती सोपवितो. हे सोपविणे हाच या धंद्याचा गाभा. दोन विमानांमध्ये ठरलेले अंतर राहिले पाहिजे, आणि एका क्षणासाठीही कोणतेही विमान बेवारस राहता कामा नये.

लोहगावचे उदाहरण घ्या. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवाशांसाठी बाजूला नागरी इमारत आहे. तिचा नवा भाग २०२४ साली वापरात आला. परंतु विमानांना उतरण्याची व उडण्याची परवानगी देणारे नियंत्रण हवाई दलाकडेच आहे. तेथून उडालेले नागरी विमान उंचीवर गेले की मुंबईच्या केंद्राच्या अखत्यारीत जाते. पुण्याचा प्रवासी दिल्लीला पोहोचेपर्यंत त्याचे विमान असे कित्येक हातांतून गेलेले असते, आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते.

या कारभारासाठी भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार उड्डाण-माहिती क्षेत्रांत विभागले आहे, आणि गुवाहाटी हे एक उपक्षेत्र आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी या क्षेत्रांना ‘एफ. आय. आर.’ म्हणतात. पोलीस ठाण्यात नोंदविली जाते ती ही नव्हे! भोवतालचा समुद्र धरून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे आकाश भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या या नियंत्रकांकडे आहे.

नागपूरची योजना

आता या चार क्षेत्रांचे व एका उपक्षेत्राचे मिळून एकसंध आकाश करावे आणि त्याचे सूत्र नागपुरातून हलवावे, अशी योजना पुढे आली आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ईशान’ असे नाव दिले गेले. २०२४ साली प्राधिकरणाने तिच्या सविस्तर प्रकल्प-अहवालासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागविले.

नागपूरची निवड स्वाभाविक आहे. देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपुराला हा मान पूर्वीही मिळाला होता. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या विमान-टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. त्या योजनेत सामान्य माणसाचे पत्र लवकर पोहोचावे हा हेतू होता, आणि त्यासाठी कोणाच्या पोटावर पाय पडला नव्हता. विदर्भात असे केंद्र येत असेल तर त्याला विरोध करण्याचे आपल्याला कारण नाही. प्रश्न स्थळाचा नसून पद्धतीचा आहे.

येथे कायद्याचा इतिहास थोडा पाहावा लागेल. १९७१ च्या कायद्यान्वये मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी एक प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. १९८५ च्या कायद्यान्वये उरलेल्या विमानतळांसाठी आणि हवाई वाहतूक-नियंत्रणासाठी १९८६ साली दुसरे, राष्ट्रीय प्राधिकरण आले. पुढे संसदेने १९९४ साली कायदा करून ही दोन्ही एकत्र केली आणि १ एप्रिल १९९५ पासून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. लक्षात घ्या, दोन कार्यालयांचे एकत्रीकरण करायचे झाले तर संसदेचा कायदा लागला. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती बदलल्या जाईपर्यंत पूर्वीप्रमाणेच राहतील, हे त्या कायद्यात लिहावे लागले. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकली.

परंतु त्याच कायद्याने हवाई वाहतूक-सेवा पुरविण्याचे कर्तव्य प्राधिकरणावर टाकताना, ती किती केंद्रांतून पुरवावी, केंद्र बंद वा एकत्र करताना कोणाला विचारावे, याविषयी कार्यपद्धती घालून दिलेली नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात असलेला भारतीय वायुयान अधिनियमही या बाबतीत आपल्याला फार पुढे नेत नाही. तात्पर्य, दोन कार्यालये जोडायला कायदा लागला, पण साऱ्या देशाचे आकाश जोडायला निविदा पुरेशी आहे!

एकत्रीकरणाच्या बाजूने

आपण यंत्राचे वैरी नाही, आणि जुने ते सोने म्हणणारेही नाही. म्हणून एकत्रीकरणाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. त्यात सौदी अरेबियात पोट भरण्यासाठी निघालेले अनेक भारतीय मजूर होते. दिल्लीहून चढणारे सौदी विमान आणि दिल्लीला उतरू पाहणारे कझाकस्तानचे विमान एकाच मार्गिकेत समोरासमोर आले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले ही चूक खरी. पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका का होती? कारण आसपासचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. आणि नियंत्रकाला विमानाची उंची पडद्यावर का दिसली नाही? कारण ती दाखवणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा कार्यान्वित झालेले नव्हते. म्हणजे तुकडे झालेले आकाश आणि जुनाट यंत्रे यांचीही किंमत माणसेच मोजतात.

उलट युरोपातील मास्ट्रिख्टचे केंद्र पाहा. बेल्जियम, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि जर्मनीचा वायव्य भाग यांचे २४,५०० फुटांवरील आकाश तेथून सांभाळले जाते. ते १९७२ साली सुरू झाले, एकेका देशाचे आकाश टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे आले आणि चार देशांनी त्याविषयीचा करार केला तो १९८६ साली. स्वतंत्र राष्ट्रांनी आपापल्या आकाशाची सूत्रे एका खोलीत दिली, आणि ते चालले. विमानाला वाकडेतिकडे न जाता सरळ जाता येते, इंधन वाचते, सोपवासोपवीचे प्रसंग कमी होतात, हे लाभ खरे आहेत. मात्र त्यासाठी करार लागला, आणि कित्येक वर्षांचा धीर लागला, हे विसरता कामा नये.

एकच कॉम्प्रेसर

आता दुसरी बाजू. आपल्यातील प्रत्येक मेन्टेनन्स फिटरला ठाऊक आहे की, चार शॉपचे चार लहान कॉम्प्रेसर काढून एक मोठा बसवला तर वीज वाचते, जागा वाचते, माणसे कमी लागतात. पण तो एक बंद पडला की चारही शॉप बंद पडतात. म्हणून शहाणा इंजिनियर दुसरा कॉम्प्रेसर उभा ठेवतो आणि तो अधूनमधून चालवूनही बघतो. हिशेबनीस मात्र विचारतो की, हे यंत्र वर्षभर नुसतेच उभे का? एकत्रीकरणाचा सारा झगडा या दोघांमधला आहे.

न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळाचे उदाहरण ताजे आहे. त्या परिसराचे नियंत्रण लाँग आयलंडवरील केंद्रातून होत असे. तेथे माणसे कमी पडत होती. २०२४ च्या जुलैत सरकारने हे काम फिलाडेल्फियाच्या केंद्राकडे हलवले, आणि काही नियंत्रकांना इच्छा नसतानाही जावे लागले. माणसे हलली, पण रडारची माहिती जुन्या ठिकाणाहूनच लांबच्या तारांवरून आणली जात राहिली. २८ एप्रिल २०२५ रोजी ती तुटली. सुमारे दीड मिनिटापर्यंत पडदे काळे होते, आणि काही काळ वैमानिकांशी बोलणेही बंद पडले. सुदैवाने टक्कर झाली नाही. पण ज्यांच्या हातात त्या क्षणी ती विमाने होती, त्यांपैकी कित्येकजण मानसिक आघातामुळे रजेवर गेले. आधीच कमी असलेली माणसे आणखी कमी झाली, आणि शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली.

हे अमेरिकेत घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, ६ तारखेपासून, दिल्लीच्या नियंत्रण केंद्रातील संदेश देवघेवीची स्वयंचलित यंत्रणा कोलमडली. उड्डाण-आराखडे आपोआप नियंत्रकांच्या पडद्यावर येईनात; ते हाताने तयार करावे लागले. आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला, आणि त्याचे पडसाद इतर शहरांत उमटले. यंत्राने दगा दिल्यावर माणसाने हाताने काम चालवले, म्हणून विमाने सुरक्षित राहिली. पडद्यावरील यंत्रणा मंदावत असल्याची तक्रार नियंत्रकांच्या संघटनेने काही महिने आधीच केली होती. यंत्राची कुरकुर प्रथम ऐकू येते ती त्यावर काम करणाऱ्याला, हा आपल्या शॉपफ्लोअरवरचाही रोजचा अनुभव आहे. त्याचे ऐकले जाते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

एका शहरातील एक यंत्रणा बिघडली तर एवढा गोंधळ. साऱ्या देशाचे आकाश एका केंद्रातून चालत असेल तर, त्याच तोडीचे, माणसांनिशी सज्ज असे दुसरे केंद्र तयार असल्याखेरीज पहिले सुरू करता येणार नाही. आणि दुसरे केंद्र खरोखर सज्ज ठेवायचे तर बचत कितीशी उरते, हे प्रकल्प-अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे.

रात्रपाळीतला माणूस

बचत कोठून होते? इमारतीतून थोडी, यंत्रातून थोडी. पण हिशेबनिसाची नजर शेवटी माणसावर येते. म्हणून १ जुलै २००२ ची रात्र आठवावी लागते.

जर्मनीतील युबरलिंगेन या गावावर दोन विमाने धडकली आणि ७१ जण मेले. त्यांत रशियातील बाश्कोर्तोस्तानची सहलीला निघालेली पुष्कळ मुले होती. ते आकाश स्वित्झर्लंडमधील झूरिचच्या केंद्रातून सांभाळले जात होते. त्या रात्री पाळीवर दोन नियंत्रक होते. त्यांपैकी एक विश्रांतीला गेला होता, आणि हा प्रघात व्यवस्थापनाला माहीत असून चालू दिलेला होता. उरलेला एकटा दोन जागांचे काम करीत होता. त्याच वेळी दुरुस्तीमुळे यंत्रणेचा काही भाग आणि मुख्य दूरध्वनी बंद होता. पुढे, २००४ साली, त्या दुर्घटनेत कुटुंब गमावलेल्या एका बापाने या नियंत्रकाचा त्याच्या घरी खून केला. व्यवस्थापनातील चौघांना न्यायालयाने दोषी ठरविले, ते २००७ साली.

साथींनो, हा क्रम नीट पाहा. माणसे कमी ठेवण्याचा निर्णय वरचा. दुरुस्तीची वेळ वरून ठरलेली. पण लोकांच्या रोषाला प्रथम बळी पडला तो रात्रपाळीतला माणूस. कारखान्यात प्रेसखाली बोटे गेली की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा आधी पडतो, आणि सेन्सर कोणी काढून ठेवला याची चौकशी मागाहून होते किंवा होतच नाही. आकाशातही न्याय असाच चालतो.

आपल्या देशात नियंत्रकांची संख्या अपुरी आहे आणि त्यांच्यावरील ताण व थकवा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे संसदेच्या परिवहनविषयक स्थायी समितीने २०२५ च्या ऑगस्टमधील अहवालात नमूद केले आहे. अशा वेळी एकत्रीकरण म्हणजे ‘आहेत तीच माणसे पुरवून वापरणे’ असा अर्थ व्हायला वेळ लागत नाही. शिवाय एका विभागाचे आकाश ओळखायला नियंत्रकाला महिनोन्‌महिने शिकावे लागते. कोलकात्याच्या आकाशावर पंधरा वर्षे नजर ठेवलेल्या माणसाला नागपुरात खुर्ची दिली की काम झाले, असे होत नाही. त्याचे घर, मुलांची शाळा, म्हातारे आईबाप हे सारे त्या खुर्चीशी बांधलेले असते.

संपाचा प्रश्न

येथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो कार्यकर्त्यांनी टाळू नये. सारे आकाश एका खोलीत आले तर त्या खोलीतल्या कामगारांची शक्ती वाढेल की घटेल? वरवर पाहता वाढेल, कारण शंभर माणसांनी काम थांबवले तर देश थांबेल. पण नेमक्या त्याच कारणासाठी सरकार त्यांचे हात आधीच बांधू पाहील.

अमेरिकेतील १९८१ च्या संपाचा धडा हाच आहे. ३ ऑगस्ट रोजी सुमारे तेरा हजार नियंत्रक संपावर गेले. मागण्या पगाराच्या होत्या, तशाच कामाचे तास कमी करण्याच्याही होत्या. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला अकरा हजारांहून अधिक माणसांना एका फटक्यात बडतर्फ केले. पुढे संघटनेची मान्यताही गेली. याच संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता! वैमानिक विमाने चालवीत राहिले, इतर संघटनांनी निषेधाचे ठराव केले पण काम थांबवले नाही, आणि सामान्य प्रवाशाला नियंत्रकांचे म्हणणे काय आहे हे कोणी आधी समजावून सांगितलेच नव्हते. त्यानंतर खाजगी मालकांनाही संपकऱ्यांना काढून टाकण्याचे धैर्य आले. आपली शक्ती मोक्याच्या जागेत आहे, असे समजणाऱ्या संघटनेला शेजारच्या कामगाराची व जनतेची साथ नसेल, तर ती मोक्याची जागाच तिचा सापळा ठरते.

आपल्याकडे दिल्ली व मुंबईचे विमानतळ खाजगी कंपन्यांच्या हवाली करण्याविरुद्ध प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी २००६ च्या फेब्रुवारीत संप केला. विमानतळ गेले ते गेलेच. आज तर कामगार कायद्यांचेच एकत्रीकरण झाले आहे. २९ केंद्रीय कायद्यांच्या चार संहिता झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अमलात आल्या. पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती असलेली संपाच्या नोटिशीची सक्ती आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना, १४ दिवसांच्या नोटिशीसह, लागू झाली. आणि कामगार-कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. सुटसुटीतपणाच्या नावाखाली काय काय हातचे जाते, हे भोसरीच्या लहान कारखान्यांतील कामगाराला वेगळे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटन-स्वातंत्र्यविषयक समितीने हवाई वाहतूक-नियंत्रण ही खऱ्या अर्थाने अत्यावश्यक सेवा मानली आहे. तेथे संपावर निर्बंध घालता येतात, हे आपण मान्य करू. परंतु त्याच समितीचे म्हणणे असे आहे की, संपाचा हक्क मर्यादित केला तर त्याची भरपाई म्हणून निःपक्षपाती व त्वरित लवादाची हमी दिली पाहिजे. आपल्याकडे पहिला भाग तेवढा उचलला जातो आणि दुसरा विसरला जातो.

कायदा कसा असावा

मग आपली मागणी काय? ‘एकत्रीकरण नको’ ही आपली मागणी नाही. आपली मागणी अशी की, हे एकत्रीकरण कायद्याने व्हावे, आणि त्या कायद्यात चावडीवरची नोटीस असावी.

यात अशक्य असे काही नाही. अमेरिकेत १४ फेब्रुवारी २०१२ रोजी झालेल्या कायद्याच्या ८०४ व्या कलमात नियंत्रण-केंद्रांच्या एकत्रीकरणाचीच पद्धत घालून दिली आहे. सुरक्षिततेला धक्का न लावता खर्च कमी करणे हा हेतू. १२० दिवसांत आराखडा. तो करताना कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींचा सहभाग. शिफारशी प्रसिद्ध करून ४५ दिवस लोकांच्या हरकती. आणि शेवटी त्या प्रतिनिधिगृहांपुढे ठेवून ३० दिवसांत नामंजूर करण्याचा अधिकार. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या देशाला एवढे लिहावेसे वाटले. तरीही न्यूअर्कचे जे झाले ते झाले; म्हणजे नुसते कलम पुरत नाही, त्यावर पहारा ठेवणारी संघटनाही लागते. २०२५ च्या जुलैत तेथे नियंत्रण-यंत्रणेसाठी साडेबारा अब्ज डॉलरांची तरतूद झाली आणि तीत केंद्रे एकत्र करण्याचीही योजना आहे. म्हणजे हा वाद तेथेही मिटलेला नाही.

आपल्या कायद्यात माझ्या मते पुढील गोष्टी हव्यात. एक, कोणतेही केंद्र बंद वा एकत्र करण्याचा आराखडा प्रसिद्ध व्हावा, त्यावर हरकती ऐकल्या जाव्यात आणि तो संसदेपुढे यावा. दोन, आराखडा करणाऱ्या समितीत नियंत्रकांचे व तंत्रज्ञांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. तीन, पर्यायी केंद्र उभे राहून प्रत्यक्ष वाहतुकीवर त्याची चाचणी झाल्याखेरीज जुने केंद्र बंद करू नये. चार, प्रत्येक पाळीतील किमान माणसे, कामाचे तास आणि विश्रांती ही परिपत्रकात न ठेवता कायद्यात लिहावी. पाच, बदली संमतीने व्हावी. जे जाणार नाहीत त्यांना त्यांच्या शहरात पर्यायी काम मिळावे. आणि केंद्रांतील सफाई, उपाहारगृह व देखभाल करणारे कंत्राटी कामगार या हिशेबात धरावेत, कारण एकत्रीकरणात त्यांची नावे कोणत्याच कागदावर नसतात. सहा, धोक्याची सूचना देणाऱ्याला संरक्षण असावे, आणि संपावर निर्बंध घालायचे तर लवादाची वेळेची मर्यादा त्याच कलमात असावी.

‘हा तांत्रिक विषय आहे, तो तज्ज्ञांवर सोडा,’ असे उत्तर मिळेल. रडार कोणते घ्यावे हे जरूर तज्ज्ञांनी ठरवावे. पण किती माणसांनी किती तास जागायचे, दुसरे केंद्र परवडते की नाही, आणि चूक झाल्यावर कोणाला उभे करायचे, हे प्रश्न तांत्रिक नाहीत. ते सत्तेचे आणि न्यायाचे प्रश्न आहेत. लोकशाहीत त्यांचा निर्णय उघड्यावर होतो.

आता कामाचे बोलतो. पिंपरी-चिंचवड व चाकण भागातील संघटनांनी या मागण्यांचा ठराव करून तो आपल्या खासदारांना द्यावा, आणि प्रकल्प-अहवाल जनतेसाठी खुला करण्याची मागणी त्यात करावी. नागपूरच्या साथींनी तेथील नियंत्रकांशी व कंत्राटी कामगारांशी बोलून त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत आणावे. आणि जेथे आपण आहोत तेथे, आपल्या शॉपमध्ये दोन खाती एकत्र होतात तेव्हा, आपणही हेच तीन प्रश्न विचारावेत: मसुदा कोठे लावला आहे, हरकत कोणाकडे द्यायची, आणि राखीव यंत्र व राखीव माणूस कोठे आहे? हे तीन प्रश्न विचारण्याची सवय फाटकावर लागली, तर दिल्लीत ते विचारणाऱ्या प्रतिनिधीला पाठबळ मिळेल. ठरावाचा मसुदा आपण पुढच्या बैठकीत पक्का करू. त्यापूर्वी आपापल्या संघटनेत त्यावर चर्चा करून यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.